घाटावरचा खेकडा

माझ्या व्याह्यांइतका अन्याय सोसलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सापडणार नाही, आणि त्यातला बहुतेक अन्याय त्यांनी पहाटे उठून, माझ्या गाडीत बसून, घाट उतरून स्वतः ओढवून घेतलेला असतो. माझी थोरली लेक त्यांच्या घरात दिली आहे. गाव सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. दारात म्हशी, मागं ऊस आणि पुढच्या सोप्यात पलटणीतून हवालदार होऊन परतलेले हे गृहस्थ, सदैव संतापलेले. मी लोणंदच्या बाजारात कांद्याचा व्यापारी. आरडाओरडा माझ्या कानांना नवा नाही. पण बाजारातला माणूस सौदा झाला की गप्प बसतो. आमचे व्याही मनासारखं झालं तर जास्त चिडतात. लग्नात त्यांच्या पंगतीला कशाची म्हणून उणीव पडली नाही, तर मांडवभर सांगत फिरले, "नावं ठेवायला जागा न्हाई ठिवली ह्या पावण्यांनी. ही काय रीत झाली?"

नोकरीत असताना त्यांची पलटण बरेच दिवस कुठल्याशा समुद्रकाठी होती. तिथं एका केरळी जवानानं त्यांना खाडीच्या तोंडाशी उभं राहून, गळाला खेकडा लावून मासे धरायला शिकवलं. बाकी लोक पेन्शनीत येताना ट्रंक आणतात, ह्यांनी ही विद्या आणली. आता घरासमोर कृष्णा वाहते. तिथं गळ टाकून बसावं की नाही? पण नाही. कृष्णेतला मासा त्यांच्या लेखी मासाच नव्हे. "गोड्या पाण्यातला मासा म्हंजी बिनमिठाचं कालवण. त्याला काय इरशा हाय का? वडला तसा येतुया." ईर्षा असलेला मासा फक्त खाडीत, भरतीच्या पाण्याबरोबर आत येतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते एसटीनं कराडला यायचे, मी लोणंदहून गाडी घेऊन कराडला जायचं आणि तिथून पाटण, कोयना, कुंभार्ली घाट असं करत चिपळूणच्या पुढं खाडी गाठायची.

मी का? हाच प्रश्न मी बायकोला दर वेळी विचारत असे. माझ्या गळ्यात माळ आहे. मासा मी खात नाही, शिवत नाही, शेजारच्या ताटात आला तर पाट सरकवतो. पण विहीणबाईंनी एकदा माझ्यापुढं हात जोडले. "आवं दादा, एकलं गेलं की कुनाशी तरी भांडून येत्यात. तुमी असला की तुमच्याशीच भांडत्यात, तेवढंच घरातल्या घरात राहतंय." लेकीच्या सासूला नाही कसं म्हणायचं?

त्यातही माशांपेक्षा माझा राग होता तो खेकड्यांवर. जगातला कुठलाही शहाणा माणूस खाडीवर जाऊन तिथलाच खेकडा पकडेल. चिखलात हात घातला की खेकडा. आमचे व्याही मात्र गावच्या ओढ्यातले खेकडे ओल्या गोणपाटात बांधून, बादलीत घालून, माझ्या गाडीतून घाटाखाली न्यायचे. का, तर कोकणातला खेकडा आळशी. "दिसातनं दोन येळा पानी दारात येतंय त्याच्या. हिंडायची गरजच न्हाई. त्याच्या मासाला चव कशानं येनार? आमच्या वड्याचा खेकडा बगा, उन्हाळ्यात खडकाखाली जीव धरून बसलेला. कष्टाचं मास हाय त्ये." हे कष्टाचं मांस वाटभर बादलीत खरखर करायचं आणि घाटाच्या वळणावर गोणपाट सोडून बाहेर यायचं. एकदा असाच सुटलेला खेकडा आम्हाला परतीच्या वाटेवर सापडलाच नाही. पुढच्या मंगळवारी बायकोला घेऊन औंधला यमाईच्या दर्शनाला निघालो, तेव्हा तो सीटखालून निघाला आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला लागला. त्या दिवशी देवीला तिनं काय मागितलं, ते मी अजून विचारलेलं नाही. व्याह्यांना फोन करून रागानं सांगितलं, तर ते म्हणाले, "बगा! एवढे दिस बिनपान्याचा ऱ्हायला. कोकणातला ऱ्हायला असता का?"

खाडीवर पोचलं की त्यांचा संताप रंगात यायचा. पहिला राग भरतीवर. ती रोज थोडी थोडी उशिरा येते, हे त्यांना शिस्तभंगासारखं वाटे. "काल वेगळा टायम, आज वेगळा. पलटणीत आसती तर तिला पाठीवर वज्याचा पिट्टू लावून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आसत्या." मग खेकड्याची पाठ सोलायची, मधून दोन तुकडे करायचे, गळावर बसवून वरून दोरा गुंडाळायचा. एरवी तोंडाला खळ नसलेला हा माणूस एवढं करताना मात्र एक शब्द बोलत नसे. पुढं शिसं लावून तो गळ इतका सुरेख लांब फेकायचे, की माझ्यासारख्या माळकऱ्यालाही वाहवा म्हणावंसं वाटे. पण म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की भडकणार. गळाला न लागता खेकडा खाऊन जाणाऱ्या माशांना ते चोर म्हणत, आणि "काय मिळालं का?" असं विचारणाऱ्या वाटसरूंना चोरांचे नातेवाईक.

मागल्या हिवाळ्यात असेच गेलो. ओहोटी होती. काठापासून थोड्या अंतरावर एक खडक उघडा पडला होता. मी नको नको म्हणत असताना व्याही चिखल तुडवत तिकडं गेले आणि खडकावर चढून उभे राहिले. बराच वेळ काही लागलं नाही. हळूहळू भरती सुरू झाली. खडक आणि काठ यांच्यामधल्या घळीत पाणी भरायला लागलं.

"पाहुणे, माघारी या!" मी ओरडलो.

"ती आली म्हनून मी जाऊ व्हय? मी आधी आलोय हितं!"

तेवढ्यात काठी वाकली. रीळ कर्र करून फिरायला लागलं. मासा खडकाला वळसा घालून निघाला, तसे व्याहीही त्याच्यामागं खडकावरून खाली उतरले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. एक पाय उपसायला गेले तर दुसरा मांडीपर्यंत रुतला. पाणी कमरेशी आलं. मग मात्र त्यांचं ओरडणं थांबलं. हातात खेकडा नसताना त्या माणसाला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी चपला टाकून पाण्यात शिरलो. पलीकडे एक बाई चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत होती. ती टोपली टाकून धावली. "उभे नका राहू! आडवे व्हा हो, आडवे!"

"आडवा?" व्याह्यांना पुन्हा वाचा फुटली. "गोळीबारात आडवा झालो न्हाई मी!"

"मग तिथेच राहा," ती म्हणाली, पण वळून काठाला ओढलेल्या होडीतली फळी घेऊन आली आणि तिनं ती त्यांच्यापुढं सरकवली. त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मी काठी हातात घेतली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. काठीच्या टोकाला एक जीव धडपडत होता आणि त्याची धडपड थेट माझ्या खांद्यात येत होती. व्याही फळीवर पोट टेकून, ती बाई बखोट धरून ओढत असताना काठाला लागले. बूट आणि मोजे खाडीला देऊन. आणि काठावरून मला ओरडायला लागले, "सोडा ती काठी! पावणं, पानी वाढाय लागलंय! मासा गेला खड्ड्यात!"

"सोडणार नाही!" मी ओरडलो. माझ्या तोंडून हे शब्द निघाले यावर माझाच विश्वास बसेना. छातीपर्यंत पाणी, पायाखाली चिखल, आणि मी आयुष्यात कधी नव्हतो एवढा रागावलेलो. कुणावर, कोण जाणे. शेवटी व्याही पुन्हा फळी घेऊन आत आले, मला कॉलरला धरून बाहेर ओढलं, आणि माझ्याबरोबर काठी आली, आणि काठीबरोबर एक मोठी, लालसर, चमकणारी तांबोशी.

तिघं काठावर धापा टाकत बसलो. व्याह्यांनी मासा उचलला आणि त्या बाईच्या टोपलीत ठेवला. तिनं नको वगैरे काही म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "काय लावलं होतं गळाला?"

"घाटावरचा खेकडा," व्याही छाती काढून म्हणाले.

"आमचे मासे काय हो," ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "कायपण खातात."

चिपळूण येईपर्यंत ते त्या वाक्यावर बोलत होते. घाट चढताना त्यांचा मोर्चा माझ्याकडं वळला. हुकूम मोडला, काठी सोडली नाही, पलटणीत माझं काय झालं असतं, हे सगळं अनवाणी पाय हीटरपुढं धरून. वाचवल्याबद्दल शब्द नाही. मीही त्यांना बोललो, भरपूर बोललो. पाटणला चहा घेतला तोही पाठीला पाठ लावून.

यंदा पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना झाला, बरे होऊन घरी आले. प्रवास बंद, जिना बंद. भेटायला गेलो तेव्हा सोप्यात खुर्चीवर शाल घेऊन बसले होते. लेकीनं चहा आणला. माझा चहा पार गार होता, म्हणजे त्यांचाही असणार. ते तो पिऊन म्हणाले, "झ्याक झालाय." शेजारच्या पोरांचा चेंडू येऊन खुर्चीवर आपटला, तर हसून परत टाकला. मी बाजारभावावर बोललो, सरकारवर बोललो, जावयाच्या नव्या मोबाइलवर बोललो. त्यांना सगळं बरंच वाटत होतं.

मी उठलो, तसा त्यांनी माझा हात धरला. "पावणं, तुमी लय केलं माझ्यासाठी."

"असलं काही बोलू नका," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच माझा. लेक आतून बाहेर आली. व्याही नुसते मान हलवत राहिले, हात तसाच धरून.

परतताना शेजारची, त्यांची सीट रिकामी होती. पावसानं रस्त्याची चाळण झाली होती, आणि त्यातल्या एकाही खड्ड्याला कुणी शिवी दिली नाही.