डाकिणीच्या हातची भाकर

मी मूळची सारंगखेड्याकडची, तापीकाठची. मोलगीच्या वर डोंगरात एका आश्रमशाळेत बदली झाली, तेव्हा मुलांच्या घरची पावरी बोली मला कळत नव्हती आणि माझी अहिराणी त्यांना. पुस्तकातल्या मराठीवर आमचं भागायचं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेला विषय आला : दुसऱ्या देशात जुलूम चालला असेल तर बलाढ्य देशांनी हस्तक्षेप करावा का? दहावीतली एक मुलगी बाजूने बोलणार होती, एक मुलगा विरोधात. वर्गात फार उकडायचं, म्हणून सराव स्वयंपाकघराच्या ओट्यावर चाले.

"शेजारच्या घरात बाईला मारताहेत आणि आपण भिंतीआड जेवत बसायचं?" मुलगी विचारायची.

"आणि वाचवायला आलेलाच घरात ठाण मांडून बसला तर?" मुलगा म्हणायचा. मोबाइलवर पाहिलेली पडकी शहरं त्याच्या डोळ्यांसमोर असायची.

मी दोघांची वाक्यं घासूनपुसून द्यायचे. खरं उत्तर मला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडतही नव्हतं.

आमची स्वयंपाकीण मावशी तिथेच तांदूळ निवडत बसायची. पन्नाशीची, अबोल. एक दिवस तिने मुलीला पावरीत विचारलं, रोज कशावरून भांडता? मुलीने समजावून सांगितलं. मावशीने सूप खाली ठेवलं आणि मोडक्या मराठीत मला म्हणाली, "बाई, माझ्यासाठी आले होते बाहेरचे. सांगू?"

ती तरुणपणी विधवा झालेली. पाड्यात शेजारचं मूल तापाने गेलं, मग एक बैल मेला. ही डाकीण आहे, असं ठरलं. तिला मोहाच्या झाडाला बांधलं. कोणीतरी खबर दिली आणि पोलिसांची गाडी आली. तिला सोडवलं, चार पुरुषांना धरून नेलं.

"ते आले नसते तर त्याच दिवशी मी संपले असते," मावशी म्हणाली. मुलाकडे वळून तिने हेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"मग गाडी गेली. त्या चौघांच्या बायका राहिल्या, आणि मी राहिले."

झऱ्यावर तिचा हंडा कोणी भरू देईना. चुलीला विस्तव मिळेना. ती दिसली की आया पोरांना घरात ओढत. कोणी हात लावत नव्हतं, पण कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

आठवड्याभराने डोंगरापलीकडची एक दाई गाठोडं घेऊन आली. नातं ना गोतं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, हिच्या अंगणात बसली आणि मोठ्याने म्हणाली, "भाकर दे." अख्खा पाडा बघत होता. दाईने मक्याची भाकर सावकाश खाल्ली, पाणी प्याली, आणि गेलीच नाही. पेरणीपासून कापणीपर्यंत राहिली. रोज हिच्याबरोबर झऱ्यावर जायची.

मग त्या चौघांपैकी एकाची सून अडली. तोच सासरा, सुटून आलेला, दाईला बोलवायला आला. दाई म्हणाली, "हिला बरोबर घेऊन येईन. नाहीतर दुसरी दाई बघ."

दुसरी दाई दोन डोंगर पलीकडे होती.

"ते पोर माझ्या हातात आलं," मावशी म्हणाली आणि दोन्ही तळवे पुढे धरून आम्हाला दाखवले. मग सूप उचलून पुन्हा खडे वेचू लागली. वर्षभर मी या बाईच्या हातचं जेवत होते आणि मला ही कोण ते माहीत नव्हतं.

नंदुरबारच्या स्पर्धेत आमची मुलगी लिहून दिलेलं भाषण मध्येच विसरली, की तिने सोडून दिलं, कोण जाणे. ती म्हणाली, "यायलाच पाहिजे. पण गाडी चालू ठेवून येऊ नये." बाजू सोडली म्हणून परीक्षकांनी गुण कापले. मुलगा तिसरा आला.

मला चैन पडेना. एका रविवारी मी मावशीला म्हटलं, त्या दाईकडे मला ने. जीप उतरल्यावर दोन तास चढ होता. दाई दारातल्या खाटेवर बसली होती. दृष्टी गेलेली, अंगाचं नुसतं पाप्याचं पितर झालेलं. मावशीने माझे प्रश्न पावरीत विचारले आणि तिची उत्तरं मला मराठीत सांगितली.

"ही डाकीण नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?" मी विचारलं.

म्हातारी हसली. "कसं ठाऊक असणार? मी पण त्याच डोंगरातली. मला वाटत होतं, असेलही. पहिला घास गिळला तेव्हा वाटलं, हा शेवटचाच."

हे सांगताना मावशी थबकली. इतक्या वर्षांत तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मग का खाल्लंत?"

"लोकांनी हिला मारून टाकल्यावर कळलं असतं की ही डाकीण नव्हती, तर?" म्हातारी म्हणाली. "मी मेले असते तर एक म्हातारी मेली असती."

माय वं, एवढंच माझ्या तोंडून निघालं. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. डोंगरात तशी रीत नाही, म्हणून ती दचकली आणि पाय वर ओढून घेतले. मावशी मात्र खाटेच्या काठावर बसली आणि कितीतरी वेळ म्हातारीचा हात हातात धरून राहिली. समोरच्या उतारावर कोणाची तरी गुरं चरत होती.