तुरीच्या फुलाचा पिवळा

"हाव, पण अजून जरा मळकट पाहिजे." एक डोळा मिटून, मान कोंबडीसारखी तिरकी करून आमच्यासोबत काम करणारा तो हे म्हणाला, की आम्ही समजायचो, आज सगळे रंग पुन्हा हलणार.

आमचं ऑफिस लातुरात, औषधाच्या दुकानावर. डाळमिलवाल्यांच्या बिलांचे प्रोग्राम लिहायचो. तुम्ही कधी कोड लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावला असाल, तर पाहिलं असेल, एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या पडद्यावर, शब्दाशब्दाला वेगळा रंग असतो. ती रंगांची थीम याने स्वतः केलेली, जगभर फुकट वाटलेली. ब्राझीलपासून जपानपर्यंत लोक ती वापरत निवांत बसायचे. हा मात्र बसला की उठायचा. याच्या येरझाऱ्यांनी खालच्या दुकानातल्या गोळ्यांचं पीठ व्हायचं. दुकानदार नाही म्हणतो, पण त्याला धंदा करायचाय.

अक्षरांमागचा काळा जमेना, तेव्हा एस्टीने मुखेडला जाऊन रानातलं ढेकूळ रुमालात बांधून आणलं आणि स्क्रीनला लावून दिवसभर पाहत राहिला. पांढऱ्यासाठी देवणीला बैल बघायला गेला. मालकाला वाटलं, गिऱ्हाईक आलं. हा विचारतो, "सावलीत किती पांढरा दिसतो?"

"अवो पाव्हणं, दात बघा की! रंग काय बघून राहिलात?"

पण एक रंग त्याने ताईंसाठी केला होता. ताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, आणि त्यांची नजर उतरत चाललेली. हे फक्त मला आणि याला ठाऊक. साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. कोडमध्ये आम्ही एकमेकांसाठी टिपा लिहून ठेवतो. त्या एरवी फिकट असतात. याने त्या तुरीच्या फुलासारख्या पिवळ्या केल्या.

"आता दिसून राहिलं का, ताई?"

"दिसतंय रे बाबा. रानात उभी राहिल्यागत."

मग परदेशातून कुणा जाणकाराने कळवलं, पिवळा लई भडक आहे. याचा जीव खालीवर. घास उतरेना, खुर्ची टोचायची, सगळंच खुपायला लागलं. शेवटी टिपा राखेसारख्या करून मोकळा झाला. तिकडून वाहवा आली. इकडे सकाळी ताईंनी नेमकी तीच ओळ पुसली, जिच्या वर 'ही पुसू नये' अशी टीप होती. टीप त्यांना दिसलीच नाही. दुपारपर्यंत अर्ध्या जिल्ह्याची बिलं बंद.

साहेब मूळचा मोंढ्यातला धान्यव्यापारी, कोड वाचता येत नसला तरी गरजता यायचं. "कुणी केलं हे?"

ताईंनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात हा उठला. जन्मात पहिल्यांदा सावकाश उठला.

"मी पुसली ओळ, साहेब."

"मग रंगपंचमी आता घरी खेळा!"

त्याने ढेकूळ रुमालात बांधलं. मशीनवर काहीतरी खुटखुट केली आणि जाताना एवढंच म्हणाला, "ताई, एडिटर एकदा बंद करून चालू करा." टिपा पुन्हा पिवळ्या झाल्या होत्या. तो नांदेडला घरी गेला, तिथून हैदराबादेला.

त्याची थीम अजून दर थोड्या दिवसांनी बदलून येते. काळा बदलतो, पांढरा बदलतो, निळ्याचे तर हाल आहेत. भडक पिवळ्याच्या तक्रारीही येतात. त्यांना तो उत्तर देत नाही.

नवी आली की ताई मला विचारतात, "काय रे, काय बदललं?"

"सगळंच, ताई."

त्या पडद्याला नाक टेकेल इतक्या वाकतात. एका पिवळ्या टिपेवर बोट ठेवतात.

"हे न्हाई."