चान्स म्हणजे पडणं

निपाणीच्या मोटार अड्ड्यावर तिकिटं फाडणारे एक अण्णा होते. टोपीत पेन्सिल खोचलेली असायची, आणि मोटार गच्च भरली तरी ते धावत येणाऱ्याला म्हणायचे, "चानस हाय, चानस हाय." बेळगावच्या बोर्डिंगात परतताना मी हे नेहमी ऐकायचे.

एकदा त्यांनी मलाच विचारलं, "आक्का, चानस म्हंजे नेमकं काय वो?"

डिक्शनरीत पाहून मी पुढच्या खेपेला सांगितलं, "मूळ शब्द लॅटिन आहे. अर्थ पडणं. फाशांचं दान पडतं ना, तसं."

अण्णांचा चेहरा उतरला. "पडणं? आन् मी त्यावर माणसं बशिवतोय?"

माझ्या मॅट्रिकच्या पहिल्या पेपराला बेळगावला निघाले, तर मोटारीत चानसचीही जागा नव्हती. पुढची मोटार दुपारी, पेपर अकराला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी चढलेल्या तंबाखूच्या जाडजूड व्यापाऱ्याला म्हणाले, "आप्पा, तुमची सीट चानसची हाय."

"बरं की मग."

"बरं कसलं? चानस म्हंजे पडणं. इचारा आक्काला, इंग्लिश शाळंत हाय."

सगळी मोटार माझ्याकडे वळली.

"पडणं," मी हळूच म्हटलं. "लॅटिनमध्ये."

"लॅटिनमदी बी?" म्हणत आप्पा घाईघाईनं उतरले.

फाशांचं मी बोललेच नाही. ते अजून टोचतं, पेपर चांगला गेला तरी.

पुढच्या खेपेला अण्णा धावत येणाऱ्यांना हात जोडून सांगत होते, "चानस अजाबात न्हाय. बिनघोर चढा."