आबांचा रानपारवा

पक्षी बघायला पहाटे उठायचं, पक्षी गेलेला असतो उडून, आणि घरी येताना पदरात एक किस्सा! आमच्या विश्रामबागच्या पक्षी-ग्रुपचं हे असंच चाललंय. त्यातले निम्मे किस्से एकट्या आबांचे.

आबा कोयनानगरचे. तरुणपणी अंदमानात एका ठेकेदाराचा बुलडोझर चालवायचे. तिथल्या जंगलातला दुर्मिळ रानपारवा आपण पाहिलाय, हा त्यांचा दावा. ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणालाच तो दिसलेला नाही! पण आमचे म्होरके, म्हणजे सर, ऐकतील तर शपथ.

"आबा, तुम्ही हिरवा पारवा पाहिला असणार. तो तिथं ढिगानं असतो."

"आवं सर, दोनी बघितल्यात! लांबनं न्हाई, पार हातात घिऊन!"

सरांनी एकदा चारचौघांत 'मान्य' म्हणावं, एवढंच आबांना हवं होतं. त्यासाठी बिचारे झुरत होते हो!

*

एकदा कोयनेला गेलो. सगळे दुर्बिणी लावून बसलेले, आणि जमीन थरथरली! आम्ही किंचाळत उठलो. आबा दबक्या आवाजात खेकसले, "हालू नगासा, पाखरू उडंल!"

"आबा, आम्ही नाही, जमीन हलतीय!"

"तिला सवय हाय. तुमी गप बसा."

*

मग सर म्हणाले, आवाजावरून फरक समजून घेऊ. मिरजेच्या एका तंबोरेवाल्या चाचांना दोन्ही पारव्यांचं घुमणं मोबाईलवर ऐकवलं. चाचांनी डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून उभे.

"दोन्ही खर्जात आहेत," चाचा म्हणाले. "दुसरा जरा उतरलाय. ठेवून जा, उद्या जुळवून देतो!"

*

शेवटी गेल्या महिन्यात सरांनी परीक्षाच घेतली. पडद्यावर दोन फोटो. एक हिरव्या पाठीचा, दुसरा पांढुरक्या डोक्याचा रानपारवा. नावं झाकलेली.

"ओळखा आबा! बरोबर आलं तर मान्य. सगळ्यांसमोर!"

आबांनी चष्मा पुसला. जवळ गेले, लांब गेले, मान वाकडी करून बघितलं. एवढी वर्षं वाट बघितली, आता सांगा की आबा!

आबा हिरमुसून सरांकडे वळले.

"सर, पिसं काढल्याला फोटू आसंल तर दावा. लगीच सांगतो!"