इस्त्रीवाल्या काकूंची साक्ष

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली इस्त्रीवाल्या काकू म्हणते. हात जड आणि जीभ तिखट. कपड्यावर सुरकुती आणि माणसाचं उलट उत्तर, दोन्ही त्यांना खपत नाही. युद्धाच्या वर्षी परदेशी फौजेने शाळेत तळ ठोकला, तेव्हा त्यांचे गणवेशही आमच्याच टेबलावर येऊ लागले.

त्याच हिवाळ्यात लहान मुलांसाठी मदत म्हणून दूधपावडरीचा ट्रक निघाला होता. तो वाटेत जळाला, असं फौजेने जाहीर केलं. आणि लगेच त्यांचा कोठारावरचा अधिकारी सासूबाईंना मजुरीऐवजी दूधपावडरीचे डबे देऊ लागला. वर ठळक छापलेलं, मोफत वाटपासाठी. मला तेव्हा दूध येत नव्हतं. सासूबाईंनी कपड्यांच्या गाठोड्यातून डबे आणले, माझ्या मुलीला जगवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आम्हीही काही विचारलं नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीचं बाळ मात्र गेलं. सासूबाई तिच्याजवळ बसून रडल्या, पण डब्यांचं बोलल्या नाहीत.

आता त्या ट्रकची चौकशी बसली. फौजेचं एकच पालुपद, सगळं जळालं, मग चोरी कसली? आमच्या तळावरून डबा घेतलेला एक तरी माणूस उभा करा. असे लोक गावात काही कमी नव्हते, पण सगळ्यांची दातखीळ बसलेली. सासूबाई जायला निघाल्या तसा माझा नवरा भडकला. त्या अधिकाऱ्याचं काही वाकडं होणार नाही, गल्लीत तोंड काळं होईल ते आपलं, म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. "इस्त्री तापलीय, बाजूला सर," एवढंच त्या त्याला म्हणाल्या.

चौकशीच्या दालनात तो अधिकारी समोरच बसला होता. त्याची कॉलर नीट बसलेली नाही, हे सासूबाईंनी माझ्या कानात सांगून घेतलं. त्याला त्या मुळीच बिचकल्या नाहीत. पण साक्षीला उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकावर शिंपीण दिसली, तशा त्या पदराची सुरकुती तळहाताने सपाट करू लागल्या. दुभाष्या ताटकळत राहिला.

"तिला बाहेर बसवा," शेवटी त्या म्हणाल्या. "मग सांगते."

शिंपीण उठली. दाराकडे न जाता पुढे येऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. डब्यांचं तिला कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे.

"बोला, काकू," ती अधिकाऱ्याकडे बघत म्हणाली. "आधी यांचं होऊ दे. आपलं घरी बघू."