एक महिना कमी

अन्याय झाला दोन बहिणींवर. थोरली नऊ वर्षांची, धाकटीला सहा पुरे व्हायला एक महिना कमी. झाला मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर. आणि केला मी. हे आधीच सांगून टाकते, कारण आजवरच्या माझ्या प्रत्येक पत्रकात आरोपी कुणीतरी दुसराच होता.

त्या सकाळी मामानं दोघींना आर्वीच्या एसटी डेपोत बसवलं, ‘चिवडा घेऊन येतो’ म्हणाला आणि गेला. बाप नाही. आईचं नागपूरला ऑपरेशन झालेलं, ती अजून दवाखान्यातच. दुपारपर्यंत तीन गाड्या लागल्या, सुटल्या, पोरी तिथंच. शेवटी डेपोतल्या कंट्रोलरनं मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथं मी नवीनच कामाला लागले होते; त्याआधी लेकरांच्या हक्कांवर पत्रकं काढायचे. जाऊन त्यांना घेतलं आणि नोंदीसाठी ठाण्यात आणलं. धाकटीनं थोरलीच्या कुर्त्याचं टोक मुठीत धरलं होतं. पाणी पितानाही सोडलं नाही.

फॉर्ममध्ये वयाचा रकाना आला. मी थोरलीला धाकटीचं वय विचारलं.

“पाच पुरे झाले इले. तान्ह्या पोळ्याले सहा होते.”

“नक्की?”

“मंग! माय सांगते ना, इकडं पोट्टे लाकडी बैल सजवून राह्यले होते अन् तिकडं हे आली.”

पोळ्याला महिना होता. शेजारी माझ्या आईच्या वयाच्या हवालदार काकू बसल्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सहा टाक, पोरी.”

“काऊन?”

“टाक ना वं. एका महिन्यानं कोणाचं काय बिघडते?”

“काकू, असल्या खोट्या नोंदींवरच आमचं मागचं पत्रक होतं.”

“पाह्यलं मी. आलूबोंडे बांधून आलते त्याच्यात.”

ठाण्यात सगळे हसले. माझे कान तापले. मग मी जे भाषण ठोकलं ते इथं लिहायची लाज वाटते. सरकारी कागद, लेकरांचे हक्क, सगळं आलं त्यात. काकूंनी ऐकून घेतलं आणि फाईल बांधायला घेतली. “लिही बाई, तुले पटते ते.”

मी लिहिलं: पाच वर्षं अकरा महिने. खाली रेघ ओढली. काकू असं का म्हणतात, हे पुन्हा एकदा विचारावं, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

साडेपाचच्या सुमारास जिल्ह्याच्या गावी बालकल्याण समितीपुढे गेलो. सदस्यबाईंनी कागद उलटला आणि वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं. सहाच्या आतलं लेकरू शिशुगृहात. सहाच्या वरची मुलगी मुलींच्या बालगृहात. शिशुगृहात जागा होती ती दुसऱ्या जिल्ह्यात.

“मॅडम, भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचं असतं.”

“शक्यतो. नोंद कोणाची आहे ही?”

“माझी.”

“मग? पाच वर्षांचं लेकरू मोठ्या पोरींत ठेवलं अन् काही झालं, तर पहिलं पत्रक तुमचंच निघेल.”

निघालं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

गाडी दारात लागली. धाकटीची मूठ मीच सोडवली, एकेक बोट करून. ती रडली नाही.

पुढचे दिवस मी फोनला भ्यायले. शिशुगृहाचा नंबर दिसला की दोन-तीन रिंग तशाच वाजू द्यायचे. तिथल्या मावशी म्हणायच्या, “जेवते थोडंसं. बोलत मात्र नाही.” दहाव्या दिवशी ताप आला, दोन दिवसांनी उतरला. आणि संध्याकाळी बालगृहात गेले की थोरली वाटच बघत असायची.

“तिले दूधभात चालत नाई, सांगतलं का त्याईले?”

“सांगितलं.”

“पंखा लावते का तिथं? भिते ते पंख्याले.”

“सांगितलंय ग.”

“बोलते ना?”

“बोलते.”

खऱ्या नोंदीसाठी भाषण ठोकणारी मी, रोज संध्याकाळी नऊ वर्षांच्या पोरीशी खोटं बोलत होते.

तान्हा पोळा झाला. दुसऱ्याच सकाळी मी अर्ज घेऊन समितीच्या दारात उभी होते. धाकटी आता सहाची. ताबडतोब हलवा, असं लिहिलं होतं मी. तरी कागद फिरायला चार दिवस लागले. चौतीस दिवसांनी शिशुगृहाच्या मावशी तिला बालगृहात घेऊन आल्या. थोरली धावत गेली. धाकटी मावशींच्या पदराआड झाली. ओळख होती डोळ्यांत, पण हात पुढे येईना.

थोरली तिथंच थांबली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, मी सहा सांगतलं असतं तं?”

“चूक माझी होती. तू खरं सांगितलंस.”

“पण इचारलं तं मलेच ना.”

धाकटी आता तिच्या शेजारी जेवते. शब्द मोजकेच. आई अजून उठून चालत नाही. थोरलीच्या मनातून तो प्रश्न गेलेला नाही, आणि तो मी काढू शकत नाही.

आता तुमच्याकडे येते. कायद्यात एक वाट आहे: समितीनं तपासून मान्य केलेलं साधं घर अशा लेकरांना थोड्या दिवसांसाठी सांभाळू शकतं. तिथं पाच आणि नऊ एका चटईवर झोपू शकतात. त्या मंगळवारी मी समितीकडे अशा घरांची यादी मागितली. आमच्या तालुक्यातलं एकही घर तिच्यात नव्हतं. तुमचंही नव्हतं. ‘बिचाऱ्या पोरी’ म्हणून हे पत्रक घडी करून ठेवू नका. येत्या सोमवारी जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा, अर्ज मागा, तिथंच बसून भरा, आणि त्यात स्वतःच्या हातानं लिहा: भावंडं आली तर दोघांनाही घेईन.