भुंगामास्तरांचे न दमणारे खोके

भुंगामास्तर घाबरले की आवाज वाढवीत असत. सर्वसाधारण मनुष्य भीतीच्या प्रसंगी आवाज खाली आणतो, देवाचे नाव घेतो किंवा मुकाट्याने घरात जातो. मास्तरांचे तसे नव्हते. आभाळ कडाडले, गटारीत साप निघाला, मीटर तपासणारा माणूस लांबून येताना दिसला, की ते दुकानात शिरत, कर्ण्याला जोडलेल्या यंत्राची आवाजाची मूठ उजवीकडे फिरवीत आणि सबंध स्टँडवर ‘घूंऽऽ’ असा घोष सुरू होई. त्या घोषावरूनच त्यांना हे नाव पडले. त्यांचे कागदोपत्री नाव मला ठाऊक आहे, कारण त्यांचे सर्व अर्ज मीच लिहीत असे. परंतु आमच्या भागातील स्टँडवर असा एखादा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या नावाची आवश्यकता भासू नये.

मी व्यवसायाने अर्जनवीस. शिक्षण आठवीपर्यंत, तेही पुरते नाही. तथापि माझ्या मसुद्यात कोणत्याही साहेबास आजवर काना-मात्रेचा बदल करावा लागलेला नाही, हे येथे नमूद करतो. आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव. स्टँडवर माझे टेबल, शेजारी लिंबाचे झाड आणि त्यापलीकडे मास्तरांचे पत्र्याचे दुकान, अशी मांडणी होती. मास्तरांचा मूळ धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचा. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी कोरड्या विहिरींत मोटारी भराभर जळाल्या आणि मास्तरांची चलती झाली. दुसऱ्या वर्षी जळण्यासाठी विहिरीत मोटारच उरली नाही. तेव्हा रिकामे हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी वाद्ये करावयास घेतली.

ही वाद्ये पाहून प्रथमदर्शनी कोणासही भीती वाटावी. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यांनी एक सिंथेसायझर आणला होता. त्याच्या खालच्या अर्ध्या पट्ट्या मुक्या होत्या. तेलाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी पंपाची स्प्रिंग ताणून बसविली होती. तिच्यातून सूर नेला की तो आडात पडलेल्या माणसाच्या हाकेसारखा परत येई. एक पत्रा तर असा होता, की हात जवळ नेला की रडे आणि हात दूर केला की गप्प होई. परंतु या सर्वांत त्यांचा जीव होता तो लाकडी खोक्यावर. त्यात ना कातडे, ना काठी. तरी त्यातून हलगी, ढोलकी आणि संबळ यांचे ठोके निघत. ते ठोके आपोआप चढत जात. मास्तर खोक्यावर थाप मारून म्हणत, “रायटर, माणूस दमतो, बैल दमतो. माझं खोकं दमत न्हाई.”

पावसाने दुसऱ्यांदा तोंड फिरविले तेव्हा काही मंडळी माझ्या टेबलाशी आली. “लिव्हा अर्ज,” त्यांचा म्होरक्या म्हणाला, “ह्या भुंग्याच्या आवाजानं ढग पळायलेत.”

मी विचारले, “अर्ज कोणत्या खात्याच्या नावे करू? ढगांचे खाते कोणते?”

“ते तुमी बघा. शिकलेले तुमी का आमी?”

योग्य खात्याअभावी अर्ज करता येत नाही, असे सांगून मी त्यांची बोळवण केली. पण खरे सांगावयाचे तर त्या संध्याकाळी घूंऽऽ सुरू झाल्यावर मीही मान वर करून आभाळ पाहिले. आभाळात एकच पांढरा तुकडा होता आणि तो खरोखर नगरच्या दिशेने निघाला होता. मास्तरांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी लगेच आवाज आणखी वाढविला. मला म्हणाले, “भ्यायचं तर मोठ्यानं भ्यावं. बारीक भ्यालं की भ्याव आत बसतंय.”

दसरा झाला आणि गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. त्या वर्षी कधी न जाणारी माणसेही गेली. आमचा संबळवाला किसन गोंधळीही बायकोसह कारखान्यावर गेला. मागे राहिली ती त्याची म्हातारी आई, कारण तिच्याने कोयता उचलवत नव्हता. नेमकी त्याच वेळी गावच्या पाणीपुरवठा सोसायटीची नवी विहीर मंजूर झाली. आधीच्या दोन्ही विहिरी कोरड्या गेल्या होत्या. तिसरी चुकली तर गाव उठणार, हे सर्वांस दिसत होते. त्यामुळे जागा देवीनेच दाखवावी, असे चेअरमनसाहेबांनी ठरविले.

देवीचे वारे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या अंगात येत असे. अक्का माझ्याकडेच राही. त्या वर्षी ती फार खंगली होती आणि डॉक्टरांनी छातीस जपावयास सांगितले होते. मी चेअरमनसाहेबांना हे सर्व रीतसर निवेदन केले. ते काही बोलण्याआधी अक्काच आतून म्हणाली, “गावाचं पाणी हाय, भाऊ. मी न्हाई कशी म्हनू?”

वारे संबळाशिवाय येत नाही. किसन तर उन्हाळ्याशिवाय परतणार नव्हता. चेअरमनसाहेब तडक मास्तरांच्या दुकानी गेले.

“मास्तर, तुमचं खोकं संबळ वाजवतंय म्हनं?”

“किसन्यापेक्षा सरस,” मास्तर छाती काढून म्हणाले. “आपोआप चढतंय, साहेब. आन दमत न्हाई.”

मंगळवारी दुपारी सोसायटीच्या गोदामातून देवळाच्या पटांगणात वायर ओढली. झाडाला कर्णा बांधला. अक्का मळवट भरून, केस मोकळे सोडून बसली. मास्तरांनी खोके सुरू केले आणि खरोखर, डोळे मिटले असते तर किसन परत आला असे वाटावे, असा संबळ वाजू लागला. अक्का डोलू लागली, मग घुमू लागली, मग उठून उभी राहिली. ठोका चढत गेला, तसतशी तीही चढत गेली. बायकांनी हात जोडले. चेअरमनसाहेब नारळ घेऊन पुढे झाले. “आई, पाणी कुठं हाय?”

अक्का बोलली नाही. ठोका शिगेला पोहोचला आणि तेथेच राहिला. थकावे, श्वास घ्यावा, असे त्या खोक्यात काहीच नव्हते. अक्काचे पाय आता जमिनीला टेकतात न टेकतात असे झाले. तिच्या ओठांचा रंग गेला. चेअरमनसाहेब तिच्याभोवती फिरत पुन्हा पुन्हा तेच विचारीत होते. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

किसनची म्हातारी काठी टेकत उठली. “आरं, उतार कुठाय? उतार दे!”

“कसला उतार?” मास्तर म्हणाले.

तेव्हा आम्हा सर्वांच्या ध्यानात आले. किसन वाजविताना कधी संबळाकडे पाहत नसे. तो अक्काच्या टाचांकडे पाही. टाचा उचलू लागल्या की तो हात सैल सोडी आणि ठोका हळूहळू खाली आणी, त्याच्यामागे अक्काही खाली येई. त्यालाच गोंधळी उतार म्हणतात. मास्तरांनी संबळ शिकला तो स्टँडवरल्या दुकानात बसून, लांबून कान देऊन. चढाचा आवाज मोठा, तो तिथवर पोहोचे. उतार बारीक, तो पटांगणाच्या बाहेर कधी गेलाच नव्हता.

“बंद करा!” मी ओरडलो. “बटण बंद करा!”

म्हातारीने माझा दंड धरला. तिची बोटे मला रुतली. “बंद करू नगं! मधीच तोडलं तर बाई वरच्या वर ऱ्हाती. माझ्या जावंची वाचा आशीच गेलती.”

चालू ठेवावे तर छाती, बंद करावे तर वाचा. मी आयुष्यात अनेक अडलेल्या माणसांना मार्ग लिहून दिला आहे. त्या क्षणी मला एक ओळ सुचेना. मी मास्तरांकडे पाहिले. ते पांढरेफटक पडले होते. त्यांचा हात यंत्राकडे गेला आणि घाबरलेल्या अवस्थेत त्यांनी सवयीने मूठ उजवीकडे फिरविली. कर्णा दुप्पट गर्जू लागला. अक्काची मान मागे पडली. बायका किंचाळल्या. मी पुढे होऊन मास्तरांच्या हातावर फटका मारला.

तेव्हा ते भानावर आले. त्यांनी मूठ मागे आणली, खोक्याचे झाकण उपटून काढले आणि खिशातून शेंगदाण्याएवढे कंडेन्सर मूठभर बाहेर काढले. पुढे त्यांनी मला समजावून सांगितले, की असा एकेक दाणा आत जोडीत गेले की ठोका एकेक पायरी मंद होतो. परंतु जोडावयास वेळ नव्हता. खोके थेट लाइनवर चालत होते. ते बोटांच्या चिमटीत दाणा धरून आतल्या तारांना नुसता दाबू लागले.

पहिल्या दाण्याला त्यांना झटका बसला. ठोका अडखळला, सावरला आणि किंचित जड झाला.

“आसंच,” म्हातारी त्यांच्या कानाशी म्हणाली. “आता तिच्या टाचंकडं बघ. खोक्याकडं बघू नगं.”

“आजी, आत करंट हाय! न बघता हात कसा घालू?”

“टाचंकडं बघ म्हन्ते ना, बे!”

आणि मास्तरांनी नजर उचलली. उघड्या खोक्यात हात, नजर अक्काच्या टाचांवर, गालांवरून घाम. त्यांची बोटे इतकी कापत होती, की एकही ठोका दुसऱ्यासारखा पडेना. कधी लवकर, कधी उशिरा, कधी दोन एकमेकांवर. मी अक्काच्या मागे दोन्ही हात पसरून उभा होतो आणि मनात देवीला नवस बोलत होतो. कोणता, ते मला आजही आठवत नाही. ठोका उतरत गेला. अक्काच्या टाचा टेकल्या. मग तळवे. मग ती माझ्या अंगावर कलली आणि म्हातारीने हात वर करताच मास्तरांनी खोके बंद केले.

इतकी शांतता आमच्या गावाने तोपर्यंत ऐकली नव्हती. अक्काने ओठ हलविले. “पानी,” ती म्हणाली. वाचा शाबूत होती.

चेअरमनसाहेब वाकून म्हणाले, “पानी, व्हय! कुठं, आई? हिरीची जागा कुठं?”

“आता तुज्याच टकुऱ्यात खांद हीर,” म्हातारी म्हणाली. “तांब्या आन आधी!”

अक्का महिनाभर अंथरुणावर होती. मास्तर रोज सकाळी येत, उंबऱ्याबाहेर उभे राहत, “हाय का बरं?” एवढे विचारून जात. आत या म्हटले तरी येत नसत. दुकानातला घोष बंद झाला. ज्यांना ढगांची काळजी होती, तेच लोक आता माझ्याकडे येऊन, “मास्तर गप कावून हायेत? काय झालं का त्यांला?” असे विचारू लागले. खोक्याची कीर्ती मात्र पसरली होती. गावोगावची मंडळी जागरणासाठी सुपारी घेऊन येत. मास्तर दुकानाची फळी आतून लावून घेत.

दुपारच्या वेळी ते किसनच्या आईसमोर जाऊन बसत. ती मांडीवर हाताने उतार वाजवून दाखवी, ते गुडघ्यावर वाजवीत. “गाढवा, घाई कुठं हाय?” असे ती म्हणे आणि ते पुन्हा सुरुवात करीत. मी एकदा विचारले, की आता हा उतार खोक्यात का बसवीत नाही? त्यांनी मान हलविली. “न्हाई बसत, रायटर. खोक्याला टाच दिसत न्हाई.”

मास्तरांना मी शेवटचे पाहिले ते पुढच्या उन्हाळ्यात. परळीला थर्मल वीजकेंद्राच्या एका ठेकेदाराकडे मोटारी भरण्याचे काम त्यांना मिळाले होते. ट्रंक आणि वळकटी घेऊन ते निरोपास आले, आणि प्रथमच उंबरा ओलांडून आत बसले. अक्का ज्वारी निवडीत होती. चहा झाला. एसटीची वेळ होत आली, तरी ते उठेनात.

“अक्का, एक इचारू? रागाला जाऊ नगा.”

“इचारा की.”

“खोकं वाजत हुतं तवा... देवी आलती का?”

मी दचकलो. असा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारला नव्हता. अक्काने सूप खाली ठेवले.

“न्हाई, मास्तर. कुनीच न्हवतं. नुसता रस्ता हुता, आन पाय थांबनात. मागं वळून बघावं तर गाव न्हाई, भाऊ न्हाई. लई भ्याले मी.”

मास्तरांची मान खाली गेली. “मंग?”

“मंग कुनीतरी मागनं आल्यागत वाटलं. थरथर कापत हुतं. लेकरागत ठेचकाळत हुतं. मी म्हनलं, अगं बया, ह्ये तर माझ्यापरीस भ्यालंय. ह्येला आधी घरी पोचवावं.”

मास्तरांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले, अक्काच्या पाया पडण्यास वाकले; ती पाय मागे घेत राहिली आणि ते वाकलेलेच राहिले. मग रस्त्यावर हॉर्न वाजला, तेव्हा मीच ट्रंक उचलली आणि त्यांना गाडीत बसवून आलो.

परत आलो तो अक्का दारात उभी. गाडी दिसेनाशी झाली होती, रस्त्यावर केवळ धुरळा होता. मी म्हणालो, “अक्का, गेली गाडी. उन्हात कावून उभी राहिलीस?”

“बघायलेय,” ती म्हणाली, “नीट पोचतंय का न्हाई.”